विहीणबाईंचा कॉम्प्युटर

आमची सून शलाका आपपरभाव करते. माझ्या कॉम्प्युटरवर दुकानातली तयार सिस्टीम घातली, आणि स्वतःच्या आईला मात्र हवी तशी बदलता येणारी.

आता तयार सिस्टीममधली सगळ्यात महागडी मीच हट्टानं मागितली होती, हे खरं. विहीणबाईंची फुकटातली, म्हणून मनात हसलेही होते.

काल त्यांच्याकडे पाहिलं, तर पडद्यावर टपोरी मराठी अक्षरं, भजनं आणि माझ्याच नातवाचे फोटो. नको ते काहीच नाही. विहीणबाई म्हणाल्या, "दोन दिवस शेजारी बसून विचारत होती, आई, हे ठेवू? ते काढू?"

चहा तसाच ठेवून मी उठले.

घरी येताच सुनेला म्हटलं, "माझं ते महागडं पुसून टाक, आणि बस इथं विचारायला. मला चार दिवस लागतील."