लाल फडक्याची परीक्षा

हिलालने टेम्पोतून पाचवा पिंजरा उतरवला, तेव्हा अभिमन चौधरी सरांनी वहीत वेळ टिपली : सात वाजून दहा मिनिटे. पिंजऱ्यांचा त्यांच्या संशोधनाशी संबंध नव्हता. किंबहुना ते भरले, तर संशोधनच उरणार नव्हते. तरीही डोळ्यांपुढे घडलेली गोष्ट वेळेसह न नोंदवणे त्यांच्या स्वभावात बसत नसे.

“आबा, बठ्ठा वानर दोन दिनमा धरी लिसू,” धुळ्याहून आलेला वानर पकडणारा हिलाल म्हणाला. “तुम्ही फक्त हां म्हना.”

हे आबा म्हणजे जीवराम आबा, सावद्याच्या शिवारातले मोठे केळीबागायतदार. वानरांनी सर्वांत जास्त नासधूस केली होती ती त्यांच्याच बागेत, आणि वानरांना पकडण्याची सरकारी परवानगी खटपट करून आणली होती तीही आबांनीच. पकडलेले वानर सातपुड्यात सोडावेत, असे कागदावर लिहिलेले होते. मागच्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, शेजारच्या गावातून नेलेली टोळी मात्र सातपुड्यात उतरताना कोणी पाहिली नव्हती.

सर जळगावच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. रंग पाहून निर्णय करायला वानरांना शिकवता येते का, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी चौदा महिने ते या टोळीमागे होते. मळ्याबाहेर त्यांनी दोन ओटे बांधले होते. लाल फडक्याच्या ओट्यावर हिवतापावरचे कोयनेल चोळलेली कडू केळी, पांढऱ्या फडक्याच्या ओट्यावर गोड. वानरांनी नुसती जागा लक्षात ठेवू नये म्हणून फडकी रोज बदलायची. आता तेवीसपैकी एकोणीस वानर लाल फडक्याकडे फिरकत नव्हते. बागेभोवती लाल फडकी बांधली की पिंजऱ्यांची गरजच काय, असा सरांचा साधा युक्तिवाद होता.

“ओट्यावरची केळी तुमची, सर,” आबा म्हणाले. “बागेतली माह्या घामाची. चार केळांसाठी वानर तुमचं ऐकतीन. हजार घड समोर लोंबत असले म्हंजे कायले ऐकतीन?”

“ते माझं ऐकत नाहीत, आबा. लाल रंगाची आणि कडू चवीची सांगड घालतात.”

“चौदा महिने केळी चारून सांगड! आमच्या पोराले इतकी चारली असती, तं तो मॅट्रिक झाला असता.”

जमलेले बागायतदार खदखदून हसले. सर हसले नाहीत.

“मुलाला कडू केळी चारली होतीत का? नाही ना? मग ही तुलना लागू होत नाही.”

आबांनी त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिले. “मंग परीक्षाच होऊ द्या. सात दिवस, माह्याच बागेत. एक घड तुटला, तं आठव्या दिवशी पिंजरे लागतीन. नही तुटला, तं परवानगीचा कागद मी सोता फाडतो.”

अटीही आबांनीच घातल्या. सात दिवस रखवालदाराला सुट्टी. गोफण नाही, फटाका नाही. सरांनी पूर्वेच्या मचाणावरून पाहावे, बागेत पाऊल टाकू नये. “उद्या कोनी म्हनाले नको, का मानसानं हाकललं.”

सरांना हा काटेकोरपणा मनापासून आवडला. विरोधक असावा तर असा, असे त्यांना वाटले.

पहिल्या सकाळी टोळी चिंचेवरून उतरली. पुढे क्रमांक चारची म्हातारी मादी होती. गावाने तिचे नाव तुटकी ठेवले होते. सरांना ते मान्य नव्हते. ती लाल फडक्यापाशी थांबली, वळली आणि बांधाबांधाने पश्चिमेला निघून गेली. मागोमाग सगळी टोळी केळींच्या आड दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी एका पिलाने फडके ओढले, तशी सरांनी वेळ टिपली. पण आईने त्याला शेपटीला धरून मागे खेचले. रोज संध्याकाळी आबा चारचौघांसमक्ष बाग तपासत. तुटलेला घड सापडत नसे. आबांचा चेहरा दिवसेंदिवस आंबट होत गेला.

सातव्या संध्याकाळी त्यांनी कागद फाडला आणि कोणाकडेही न पाहता घरी निघून गेले.

“मास्तरनी ते वानरेस्ले शाळामा घाली दिधं!” पिंजरे टेम्पोत चढवताना हिलाल म्हणाला.

वानर वाचले होते, प्रबंधही वाचला होता. पण सरांच्या मनाला स्वस्थता नव्हती. फडके असताना वानर बागेत शिरत नाहीत, एवढेच सिद्ध झाले होते. फडके नसताना ते शिरतात, हे दिसल्याशिवाय श्रेय फडक्याला देता येत नव्हते. दोन-चार घड जातील, आबांची माफी मागू, असा विचार करून त्यांनी अंधार पडायच्या आत सारी फडकी स्वतः सोडली. कोणाला सांगितले नाही.

आठव्या सकाळी टोळी उतरली. क्रमांक चार बांधावर थांबली. हातभर अंतरावर घड लोंबत होता. तिने तो पाहिला आणि नेहमीसारखी पश्चिमेला चालू लागली. बाकीचे बावीसही तिच्यामागे गेले.

सरांची पेन्सिल थांबली. ते मचाणावरून उतरले आणि त्या आठ दिवसांत पहिल्यांदाच टोळीच्या मागे निघाले.

बागेच्या पलीकडच्या टोकाला, पाटाच्या काठी, जीवराम आबा अनवाणी उकिडवे बसले होते. टोळी त्यांच्याभोवती कोंडाळे करून बसली, आणि ते एकेकाच्या हातात केळे देत होते.

“सरानं फडकी काढली वो माय,” ते तुटकीला समजावून सांगत होते. “म्हनून आज एकाच्या जागी दोन टोपल्या आनल्या. पिंजऱ्यात गेलेली टोळी सातपुड्यात कोनी पाह्यली नही. पोटभर खा, आन् बागेकडं ढुंकून पाहू नका.”