औषधाआधीची तहान

द्वारकाबाईनं तिसऱ्यांदा पाणी मागितलं, तेव्हा कडुबानं तिच्या उशाचा तांब्या उचलून उंच फळीवर ठेवला.

"अजून अर्धा घंटा," तो म्हणाला. "मग औषधाचंच पाणी पी पोटभर."

पहाटेपासून तिला उलट्या-जुलाब चालू होते. वैशाखाचं ऊन आणि पत्र्याचं घर. सकाळी बिडकीनच्या रस्त्यावर त्याला घरोघरी आरोग्याची चौकशी करत फिरणाऱ्या आशाताई भेटल्या. त्यांनी पिशवीतून तीन पुड्या काढून दिल्या. एक पुडी लिटरभर पाण्यात, एवढं सांगून त्या पुढचं सांगणार, तोच कडुबानं हात वर केला. "पाण्यातून औषध द्यायचं मला नका शिकवू, ताई. बारा वर्षं दुसरं काय करतो मी?" ताई हसल्या. "बरं वाटलं नाही तर सरळ शहरात न्या," म्हणाल्या आणि निघाल्या.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घरामागच्या शेडात चार हजार कोंबड्या होत्या. त्यांना खुरखुर लागली की अँटिबायोटिक टाकीतल्या पाण्यातूनच द्यावं लागे; चार हजार चोची कोण उघडत बसणार? आणि त्यातला पहिला नियम असा, की औषधाआधी दोन तास पाणी बंद. पक्षी तहानले की सगळे एकदम पाण्यावर येतात. मरगळलेलेही उठतात. औषधाचा जोर आहे तोवर ते प्रत्येकाच्या पोटात जातं. पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर अभय नव्या शेतकऱ्यांना मुद्दाम कडुबाकडे पाठवायचा. औषध पाजावं तर कडुबानं, असं म्हणायचा. कडुबाला ते ऐकायला फार आवडे.

एकदाच त्याचा नियम मोडला होता. तीन वर्षांपूर्वी असाच उन्हाळा होता. कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. त्याला बघवेना. त्यानं पाणी लवकर सोडलं. धडधाकट होत्या त्या थोडं थोडं प्याल्या, आजारी होत्या त्या जागच्या उठल्याच नाहीत. चौथ्या दिवशी त्यानं सहाशे कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. दया आली की जीव जातो, हे त्या दिवशी त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

बायकोवर त्याचा जीव होता. हे सांगायलाच हवं, कारण नंतर गावात लोक भलतंसलतं बोलले.

अकरा वाजता त्यानं पहिली पुडी मोजून लिटरभर पाण्यात कालवली. द्वारकाबाईनं तांब्याला तोंड लावलं ते गटागटा पिऊनच सोडलं. त्याला बरं वाटलं. पण पाचच मिनिटांत तिनं सगळं ओकून टाकलं. कडुबा विचारात पडला. तहान कमी पडली असणार. या वेळी तीन तास.

"ओ, घोटभर तरी द्या," ती म्हणत होती. "जीभ चिकटाया लागली."

"दम धर, द्वारके. तुझ्याच भल्याचं हाय."

शेजारच्या पारूबाईला राहवेना. ती घरातून ग्लास भरून घेऊन आली. कडुबानं तो तिच्या हातून काढून घेतला आणि मोरीत ओतला.

"भाऊ, लई हाल व्हायलेत तिचे."

"मला काय दिसत नाय व्हय?" तो ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आतून येणारा तिचा आवाज ऐकू नये म्हणून त्यानं मुंडासं कानावरून ओढून घेतलं. शेडात कुणी ओरडून पाणी मागत नसे, तिथं हे सोपं होतं.

दोन वाजता त्यानं दुसरी पुडी दिली. या वेळी ती दोनच घोट प्याली आणि निपचित पडली. जुलाबही थांबले. औषध लागू पडलं, असं त्यानं पारूबाईला सांगितलं. त्यानं तिच्या पायांवरून हात फिरवला. पाय गार होते. तापही नाही, म्हणाला.

चार वाजता पारूबाईनं तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. मग मात्र तिनं कडुबाचं काही ऐकून घेतलं नाही. कोंबड्यांचं खाद्य उतरवायला आलेल्या पिकअपमध्ये तिनं द्वारकाबाईला घातलं.

शहरात, उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी दोन्ही हातांत सुई घालून पाहिली, मग पायात. शीर सापडेना. सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. ते बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पारूबाईनं पदर तोंडात कोंबला.

कडुबा रडला नाही. त्यानं खिशातून उरलेली पुडी काढली आणि डॉक्टरांपुढे धरली.

"साहेब, ही तिसरी द्यायची राहिली. हिच्यावाचून गेली का ती?"

डॉक्टरांनी पुडी बघितली. "आधीच्या दोन दिल्या होत्या?"

"व्हय. आन् नेमानं दिल्या. औषधाआधी पाण्याचा थेंब घशाखाली जाऊ दिला नाय. लई रडली, हात जोडले तिनं, पण मी काळजाचा दगड केला."

"पाणी का बंद केलं, काका?"

"तहान लागल्याबिगर औषध पोटात जात नाय, साहेब."

डॉक्टर त्याच्या शेजारी बाकावर बसले. मग ते हळूच म्हणाले, "काका, पुडीत नुसती मीठ-साखर असते. औषध पाणीच होतं."