नाव तिचं, हात दुसऱ्याचा

फाईल कुणाचीच नव्हती. सकाळपासून तिने ऑफिसात सगळ्यांना विचारलं. जो तो कानावर हात ठेवत होता.

हॉस्पिटलमध्ये रुग्णाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. तो बंद न पाडता नव्या सूचना देता याव्यात म्हणून त्यात एक सोय होती. चालता चालता तो एका फोल्डरमध्ये डोकावायचा आणि तिथे जी फाईल सापडेल ती मुकाट्याने पाळायचा. ही फाईल दोन वर्षं तिथे दबा धरून बसली होती. आतल्या फंक्शनला, म्हणजे हिशेब करणाऱ्या तुकड्याला, नाव तिच्याच फंक्शनचं. प्रोग्राम ते उचलायचा, तिचं लिखाण बाजूला सारायचा, आणि तिच्या जागी हा तोतया हिशेब करायचा.

कसला हिशेब? तिने जुन्या मात्रा ताडून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या मात्रेत नखाएवढा फरक. पण नवजात बाळांचं औषध तोतया गुपचूप कमी करत होता. बाळ जितकं लहान, तितकी कपात मोठी.

मग तिने परवानग्यांची यादी उघडली. त्या फोल्डरला हात लावायची मुभा दोघांनाच होती: तिला आणि काकांना. काका म्हणजे विभागातले सगळ्यात जुने, पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे. हे काम ती त्यांच्याच हाताखाली शिकली. त्यांना तेवढं तिने विचारलं नव्हतं; त्यांच्यावर संशय घ्यायची तिला लाज वाटली. पण अलीकडे काका तिची नजर चुकवत होते, हेही खोटं नव्हतं.

सव्वादहाला तिने फाईल काढून टाकली. प्रोग्राम बिनतक्रार चालत राहिला. तासाभराने धीर गोळा करून ती काकांच्या टेबलापाशी गेली.

"फोल्डरमधली ती फाईल तुमची?"

काकांनी चष्मा काढला. "हो."

"मी काढली ती."

"कधी?"

"सव्वादहाला."

काका ओशाळतील असं तिला वाटलं होतं. ते ताडकन उठले आणि त्यांनी नवजात कक्षाला फोन लावला. "सिस्टर, सव्वादहानंतर निघालेली एकही मात्रा देऊ नका. भरून ठेवलीय? राहू द्या, लावू नका. त्यातली कुणाला दिली? एकालाही नाही ना? नक्की?"

मग त्यांनी रिसीव्हर ठेवला.

"बाळांचं औषध का कमी करत होतात?" तिचा आवाज चढला.

"कमी नाही, बरोबर करत होतो. तू वजन वरच्या पूर्ण किलोवर नेतेस. साडेबासष्टचं त्रेसष्ट झालं तर काही बिघडत नाही. सव्वा किलोच्या बाळाला मात्र तू दोन किलोचं औषध देतेस."

ती ओळ तिला तोंडपाठ होती.

"मग माझीच ओळ सुधारायची होती. मला सांगायचं होतं."

"ओळीला हात लावला असता तर तुला कळलं असतं." काकांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "वॉर्डात प्रोग्राम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चूक सापडली. तुझं बाळ जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता गं. मग रोज म्हणत राहिलो, उद्या सांगू."