मधाचे दोन हात

अर्धे भाजून काढलेले कोंबडीचे बारा पंख ट्रेमध्ये ओळीने मांडून झाले होते. मध, सोया सॉस, ठेचलेला लसूण आणि थोडं व्हिनेगर मंद आचेवर आटवून केलेला दाट रस वाटीत तयार होता. मुलगी मोबाइलवर बघून पुढची कृती वाचत होती.

"आता ब्रशने याचे दोन हात मारायचे. पहिला हात दिला की दहा मिनिटं ओव्हनमध्ये, मग दुसरा."

"म्हणजे माझंच काम की," तिचा बाप म्हणाला.

बाप पेंटर होता. त्याने कामाच्या पेटीतून कोरा, एक इंची ब्रश काढला आणि उकळत्या पाण्यात बुडवून झटकला. उद्यापासून अकरा मजली इमारतीचं बाहेरचं काम सुरू होणार होतं. दोराला टांगलेल्या फळीवर बसायचं, एका हाताने दोर सांभाळायचा आणि दुसऱ्याने रंग मारायचा. असलं काम ठेकेदार त्याच्याशिवाय कुणाला देत नसे. बायको स्वयंपाकघराच्या दारात बसून उद्याच्या पँटचा उसवलेला खिसा शिवत होती.

पेंटरला एक खोड होती. रंगवताना तो खाली कधी काही अंथरत नसे. "पेपर अंथरतो तो पेंटर नव्हे, पेपरवाला," असं तो नव्या माणसांना सुनवायचा. ठेकेदार तर हे वाक्य गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. घराला रंग दिला तेव्हा त्याने पलंगावरची चादरसुद्धा काढू दिली नव्हती, आणि चादरीवर एक थेंब पडला नव्हता. बायकोने ही गोष्ट शेजारणींना इतक्यांदा सांगितली होती की त्या तिच्यासमोर रंगाचा विषयच काढत नसत.

"जुना पेपर दे गं एक," पेंटर मुलीला म्हणाला.

बायकोची सुई थांबली.

त्याने पेपर पसरून त्यावर ट्रे ठेवला. ब्रश वाटीतून पहिल्या पंखापर्यंत पोचेस्तोवर दोन थेंब खाली पडले. मग त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण आता मागे फिरणं त्याला जमेना. बाराच्या बारा पंख त्याने तसेच रंगवले.

"बाबा, कडा सुटल्यात बघ," मुलगी हसून म्हणाली. "आणि सांडलंस किती! तू नक्की पेंटर आहेस ना?"

"पहिला हात असाच दिसतो."

ट्रे ओव्हनमध्ये गेला. मुलगी मैत्रिणीला फोन करायला गॅलरीत गेली.

बायको उठून ओट्याजवळ आली. पेपरभर मधाचे ठिपके होते. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली की तिचा आवाज खाली यायचा.

"कधीपासून?"

"झाले दोनेक महिने."

"मला बोलला नाहीत."

"दोर धरताना नाही होत. ब्रश धरला की होतं."

"आणि उद्या दोर धरतानाही झालं तर?"

पेंटर ओव्हनच्या काचेतून आत बघत राहिला. पंखांवर मधाचे बुडबुडे येऊन फुटत होते.

दहा मिनिटांनी ओव्हनची घंटी वाजली. बायकोने ट्रे बाहेर काढला. त्याने ब्रश तिच्यापुढे धरला.

"दुसरा तू मार."

तिने आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता. तो शेजारी उभा राहून सांगत गेला: थोडंच घे, वाटीच्या काठाला निथळ, एकाच दिशेने ओढ. तिच्या हातून एकही थेंब पडला नाही.

"ठेकेदाराला फोन करतो," तो म्हणाला. "खालच्या मजल्यांचं, आतलं काम दे म्हणतो."

"तुम्ही आतलं मागितलंत तर तो का म्हणून विचारेल."

पेंटरने ओट्यावरचा पेपर उचलला, ठिपके आत राहतील अशी त्याची घडी घातली.

"सांगेन, आता मी पेपर अंथरतो."