दिवस किती उरला

“पहारेकरी, दार बंद आहे?”

“बंद आहे, उस्ताद.”

“आपण कुठे उभे आहात?”

“दाराशी. बाहेरचं बाहेर राहावं म्हणून.”

विचारणारा थोरला, उत्तर देणारा धाकटा. एका आईच्या पोटचे सख्खे भाऊ. आईच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. मध्यस्थी करायला गेलेले हात पोळून परत आले. राहायचे एकाच गल्लीत, पण समोरून एक आला की दुसऱ्याला नेमकं एखाद्या दुकानाच्या पाटीवर काहीतरी वाचायचं असायचं. गवंड्यांच्या जुन्या रिवाजावर चालणाऱ्या त्यांच्या मंडळाच्या सभेत मात्र इलाज नव्हता. थोरला उस्तादाच्या खुर्चीत, धाकटा पहाऱ्यावर. आणि उस्तादाने विचारलं की पहारेकऱ्याने उत्तर द्यायचं, हा नियम त्यांच्या भांडणापेक्षा फार जुना. कोणाला हसू येईल, पण त्या ठरलेल्या चार वाक्यांसाठी दोघांनी महिन्याची एकही सभा चुकवली नव्हती. अंगात ताप असतानासुद्धा.

आजची सभा शेवटची. इमारत पाडायला काढली होती, आणि नवी जागा शोधावी इतकी माणसंही उरली नव्हती. खाली फर्निचरचं दुकान. एकेकाळी सभा भरली की तिथून खुर्च्या मागवाव्या लागत, आणि दुकानदार कुरकुर करत का होईना, देत असे. आता मोजकी डोकी. मंडळाची खूण म्हणून भिंतीवर टांगलेला गवंड्याचा गुण्या आणि ओळंबा काढून खोक्यात भरला होता. रंग उडालेल्या भिंतीवर त्यांच्या जागा तेवढ्या गडद राहिल्या होत्या.

शेवटची सभा म्हणून तिसऱ्या पायरीची कथा करायचं ठरलं. शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा मंडळाच्या तीन पायऱ्या. तिसरी चढणाऱ्यासमोर ही कथा करून दाखवायची. पूल बांधणारा उस्ताद कमानीखाली गाडला जातो. साथीदार दोनदा हाक मारतात, तो उठत नाही. तिसऱ्या हाकेला हात धरून त्याला उठवतात. आज पायरी चढणारं कोणीच नव्हतं, तरी केली. गाडलेला उस्ताद झाले होते दातांचे डॉक्टर. पांढऱ्या चादरीखाली त्यांचा फोन वाजला.

“घ्या घ्या, वरूनच आला असेल,” मंडळातला वायरमन म्हणाला आणि सगळे हसले. डॉक्टरांना उठवायला शेवटी तिघे लागले, कारण मेलेल्याची कंबर खरोखरच धरली होती.

थोरला हसला नाही. एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्याला एरवी खपत नसे, पण आज त्याचं लक्षच नव्हतं. याच खोलीत दोघे भाऊ एकाच संध्याकाळी पहिली पायरी चढले होते. उस्ताद तेव्हा वडील होते, डोळ्यांवर पट्टीही त्यांनीच बांधली होती. काही दिसेना तशी धाकट्याने चाचपडत थोरल्याच्या शर्टाचं टोक धरलं, आणि विधी संपेपर्यंत सोडलं नाही. वडिलांना ते दिसत होतं. नियमात बसत नव्हतं, तरी ते काही बोलले नाहीत. किती बरे दिवस होते ते.

मग समारोप आला. थोरल्याने हातोडी उचलली. तिचे ठोके पडले की सभा संपली, आणि सभा संपली की हे दोघे जिनासुद्धा वेगवेगळे उतरत. आज ठोके पडले की ती चार वाक्यंही गेली. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, म्हणून कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

“पहारेकरी, दिवस किती उरला?”

उत्तर ठरलेलं होतं. दिवस मावळला, उस्ताद, काम संपलं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी धाकट्याने ते दिलं असतं. पण त्याने दाराच्या कडीवर हात ठेवला.

“मावळला,” वायरमनने हळूच सुचवलं. “अहो, मावळला म्हणा.”

थोरल्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. “पहारेकरी, दिवस किती उरला?”

“आहे,” धाकटा म्हणाला. “आहे अजून थोडा.”

चादरीची घडी घालणाऱ्या डॉक्टरांचे हात थांबले. असं उत्तर या खोलीत कधी कोणी दिलं नव्हतं. ते आलं तर उस्तादाने काय करायचं, हे कोणत्याच पायरीवर शिकवलेलं नव्हतं. शब्द चुकला म्हणून भल्याभल्यांना खडसावणारा थोरला आता काय बोलतो, इकडे सगळ्यांचे कान लागले.

थोरल्याने आवाज होऊ न देता हातोडी खाली ठेवली.

“गुडघा कसा आहे तुझा?”

“बरा आहे. जिना चढताना दुखतो.”

“मघापासून उभा आहेस. बस.”

“पहाऱ्यावरच्याने बसायचं नसतं, दादा.”

“मला नियम शिकवू नकोस,” थोरला म्हणाला, आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून त्याने मांडीवर घेतली.