उन्हाने सरकलेली सीट

"परत पुढे सरकली!" अभिमन गाडीच्या दारातूनच ओरडला. "सुलक्षणा, बघ तरी! गिऱ्हाईक यायची वेळ झाली आणि सीट स्टिअरिंगला चिकटलीय."

"ऊन फार आहे ना," त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

उत्तर त्याचंच होतं, तिने फक्त परत दिलं. देवपूरच्या त्या गल्लीत अभिमनच्या चिमुकल्या गाडीचं जे काही व्हायचं ते उन्हाने व्हायचं. गाडी आठवडाभर कव्हराखाली उभी, तरी टाकीतलं पेट्रोल कमी व्हायचं. उन्हाने उडायचं. आतला आरसा खाली झुकायचा, तोही उन्हाने. टायर झिजायचे. खान्देशातलं ऊन म्हणजे काय चेष्टा आहे का? सीट तर दर आठवड्याला पुढे यायची आणि अभिमनचे लांबलचक गुडघे स्टिअरिंगवर आपटायचे. हिलाल मेकॅनिकने तीनदा तपासली. तिन्ही वेळा म्हणाला, "भाऊ, सीटला काही झालेलं नाही." अभिमनला त्याची कीव आली. बिचारा सायन्सला नव्हता ना!

गाडीची मूर्ती लहान, पण मिजास महान. चपला काढल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. अभिमन दीपनगरला नोकरीला. शनिवारी घरी यायचा तो एसटीने, सोमवारी पहाटे जायचा तोही एसटीनेच, कारण हायवेवर गाडी झिजते. रविवारी तिला शाम्पूने आंघोळ, मारुतीच्या देवळापर्यंत एक फेरी, आणि परत कव्हर. पुढे भाव चांगला यावा म्हणून त्याने किलोमीटरच्या मीटरची वायरसुद्धा काढून ठेवली होती. आकडा वाढायलाच नको. याला म्हणतात दूरदृष्टी.

दोन वर्षांपूर्वी त्याची आई ताईबाई मोरीत घसरून पडली. गुडघा गेला. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणायला सांगितलं, नदीच्या पलीकडे. रिक्षाच्या धक्क्यांनी म्हातारीच्या डोळ्यांत पाणी यायचं. "गाडीने नेऊ या का?" सुलक्षणाने तेव्हा विचारलं होतं.

"ट्रॅफिकमध्ये? क्लच जळेल!" अभिमन म्हणाला आणि येताना आईसाठी मालिशच्या तेलाची बाटली घेऊन आला. आता ताईबाई काठी टेकत का होईना, चालत होती. अभिमन सगळ्या भाऊबंदांना त्या तेलाचं नाव सांगत फिरायचा.

पण ऊन गाडीला पुरतं खाऊन टाकायच्या आत ती विकलेली बरी, असं त्याने आता ठरवलं होतं. या रविवारी ड्यूटी लागली, म्हणून तो सोमवारी रजा टाकून सकाळच्या एसटीने आला. सुलक्षणाला त्याने फोनवरच सांगितलं होतं. ती घाबरून म्हणाली होती, "विकू नका हो. आईंसाठी कधी लागली तर?"

"आईला तेल आहे ना," अभिमन म्हणाला होता. विषय संपला होता.

गिऱ्हाईक आलं. यावलचे कौतिकभाऊ, केळीचे बागाईतदार. मुलीला कॉलेजला जायला लहान गाडी हवी होती. त्यांना रंग आवडला, प्लास्टिक आवडलं, मीटर तर फारच आवडला. "एक चक्कर मारून दाखवा," ते म्हणाले.

अभिमनने सीट मागे ढकलली, आरसा वर केला आणि गाडी उलटी काढायला घेतली. पहिल्यांदा गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा भिंतीकडे निघाली. तिसऱ्यांदा हातगाडीला टेकली. हातगाडीवाला जागचा हलला नाही, मजा बघत बसला. कौतिकभाऊंनी रुमालाने कपाळ पुसलं.

सुलक्षणा ओले हात ओढणीला पुसत बाहेर आली. "उतरा जरा."

"अगं, तुला काय—"

"उतरा म्हणते ना! डॉक्टर थांबत नाहीत."

अभिमन उतरला. ती बसली, चपला घालूनच. तिचा हात न बघता सीटखाली गेला. खटका ओढला आणि सीट पुढे आली, बरोबर तिथे, जिथे ती दर आठवड्याला उन्हाने यायची. एका बोटाने तिने आरसा खाली झुकवला. हॉर्न जेमतेम वाजला, तोच हातगाडीवाल्याने हातगाडी आपणहून बाजूला घेतली. गाडी एका दमात उलटी बाहेर पडली आणि पुलाच्या रस्त्याला तोंड करून उभी राहिली. गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही.

मागून ताईबाई काठी टेकत आली. पुढचं दार उघडून बसली, पट्टा ओढून लावला. तिलाही कुणी शिकवावं लागलं नाही.

"माय, कुठे चाललीस?" अभिमनने बाजूला पडलेलं कव्हर उचलून पोटाशी धरलं.

"सोमवार शे ना. गुडघाना वार."

"आणि मी आणलेलं तेल?"

"त्या तेलना मी दिवा लावस."

कौतिकभाऊ गोंधळले. "आजी, गाडी विकायची आहे ना?"

"नही भो. तू चहा पी आनि जाय."

अभिमनने शेवटचा प्रयत्न केला. "माय, ऐक जरा! या उन्हात ही गाडी टिकायची नाही!"

ताईबाईने काच खाली केली, लेकाकडे मोठ्या मायेने पाहिलं आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

"खरं शे बेटा, ऊन भलतंच शे. पेट्रोल सारं उडी गयं. भराले पैसा दे."