बाभळीच्या रेघा

बाभळीच्या काट्यांनी गाडीच्या डाव्या बाजूवर पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत रेघा ओढल्या होत्या. वर्षालीने ओल्या फडक्याने दार पुसले. धूळ गेली आणि रेघा आणखीच उठून दिसू लागल्या.

“खोबऱ्याचं तेल लावून पाह्य,” सासू म्हणाली. सुलोचनाबाई ओट्यावर बसून होत्या. सकाळी सुनेच्या शेजारी पुढच्या सीटवर बसण्यासाठी नेसलेली सणाची साडी अजून त्यांच्या अंगावर होती.

तेल लावले. रेघा दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळात अंगणातली धूळ तेलावर बसली आणि रेघा मातीच्या रंगात परत आल्या.

“आई, हे तं भज्याची कढई झाली.”

“हास. तो आल्यावर बी असीच हासजो.”

तो म्हणजे रजत, वर्षालीचा नवरा. दुकानाचा माल आणायला तो टेम्पोसोबत नागपूरला गेला होता. गाडी घरी होती, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती. वर्षालीचे लायसन्स कपाटात होते आणि ते तिथेच राहावे, असे रजतचे मत होते. रस्ते खराब, लोक खराब, अन् मी आहो ना.

लग्न होऊन सेलूत आल्यापासून सुलोचनाबाईंनी बोर धरणाचे नुसते नाव ऐकले होते. आज दोघी ते पाहायला निघाल्या. मोठ्या रस्त्यावर दर दुकानात रजतच्या ओळखीचे कोणीतरी बसलेले, म्हणून वर्षालीने गाडी शेतांमधल्या पांधणीने घेतली. समोरून ट्रॅक्टर आला. तिने गाडी डावीकडे बाभळीत घातली. आवाज झाला तो दोघींनी ऐकला. वाटेतल्या पुलाजवळ थांबून तिने उतरून पाहिले आणि धरण न पाहताच गाडी घराकडे वळवली.

डिकीत पॉलिशची पेटी होती. एखाद्या रविवारी करू, म्हणत रजतने ती कधीतरी मागवली होती. झाकणही उघडलेले नव्हते. वर्षालीने मोबाईलवर पाहून घेतले: सावलीत करायचे, हलक्या हाताने, गोल गोल. गाडी कडुनिंबाखाली होतीच. ती घासत गेली. दंड भरून आला. मग मऊ फडक्याने तिने दार पुसले.

दारावरच्या रेघा गेल्या होत्या. ती दोन पावले मागे सरकली. घासलेले दार शोरूममधून आणल्या दिवशी होते तसे लालबुंद झाले होते. त्याच्याशेजारी बाकीची गाडी उन्हाने रंग उडालेल्या पडद्यासारखी दिसत होती.

“एकच दार नवरी झालं व,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “बाकीच्या साऱ्या वऱ्हाडनी.”

“आता पुरी गाडी करा लागते, आई.”

सुलोचनाबाईंनी आधी फोन उचलला. “काऊन रे, निघाला तं नाई ना? येतानी संत्रा बर्फी आणजो. बर्डीच्या बाजारातूनच आणजो, मले तिथलीच पायजे.” मग पदर खोचला आणि दुसरे फडके घेतले.

बाकीची डावी बाजू आणि छत वर्षालीने केले. उजवी दारे सासूने केली. बॉनेट दोघींनी दोन बाजूंनी केले. पॉलिशची पांढरी पूड केसांवर बसली, साडीच्या काठात गेली. बोलायला वेळ नव्हता.

उन्हे कलल्यावर रजत आला. हातात बर्फीचा डबा. फाटकातच तो थबकला.

“कोनं केलं हे?”

“आमी दोघीनं,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “रिकाम्याच होतो.”

त्याने गाडीभोवती फेरी मारली. डाव्या बाजूला खाली वाकून पाहिले. वर्षालीने फडके घट्ट पिळले. ते कोरडेच होते. रजत उठला, बॉनेटवर बोट फिरवले आणि हसला.

“मी निरा म्हनतच राह्यलो, अन् तुमी करून बी टाकली! आता इले उन्हात ठेवाची नाई. शेडमधी घेतो.”

त्याने खिळ्याची किल्ली काढली, दार उघडले आणि आत बसू लागला. गुडघे स्टिअरिंगवर आदळले.

पाय क्लचपर्यंत पोचावेत म्हणून सकाळी वर्षालीने सीट पुढे ओढली होती. दोघींनी पत्रा बोटबोट घासला होता. आत कोणी पाहिले नव्हते.

“इथं कोन बसलं होतं?”

“मी बसलती,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “आतून काच पुसाले.”

रजतने आईकडे पाहिले. मग वर्षालीकडे पाहिले. मग हात खाली घालून खटका ओढला आणि सीट मागे सरकवली. गाडी त्याने शेडमध्ये घेतली, डावी बाजू भिंतीशी लावून. उतरला. खिळ्यापाशी आला, थांबला आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

“मस्त झाली पॉलिश,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. “आता असीच ठेवा लागते. दर रविवारी करत जाजा दोघी.”

तो हातपाय धुवायला आत गेला. बर्फीचा डबा ओट्यावर राहिला. वर्षालीने फडकी गोळा करून बादलीत टाकली. सुलोचनाबाई नखातले पॉलिश काडीने काढत बसल्या. मग त्यांनी शेडकडे पाहिले.

“एवढं घासाचंच होतं,” त्या हळूच म्हणाल्या, “तं मंग पुलापासूनच काऊन वापस आलो व आपुन?”